लाल आकड्यांचं गजराचं घड्याळ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबरात तापकीर गल्लीतून साडेसातशेला घेतलं. आकडे चष्म्याशिवाय दिसतात, गजर खणखणीत आहे. तक्रार वेळेची.

दर सोमवारी मला पुणे स्टेशनवर सव्वासातची डेक्कन क्वीन गाठायची असते. मार्चअखेरीस गजर झाला तशी उठले, नेहमीसारखी निघाले, आणि गाडी डोळ्यांदेखत सुटली. फोनशी ताडून पाहिलं तर घड्याळ सात मिनिटं मागे! फार वाईट वाटलं, कारण मी त्याच्यावर डोळे मिटून विसंबत होते.

त्या रात्रीपासून रोज दहाला फोनच्या वेळेशी ताळा करून फरक वहीत लिहिला. बारा दिवसांत ३७ सेकंद, म्हणजे दिवसाला तीन, आणि रोज जवळपास तेवढेच. यावरूनच दुखणं कळतं. गुरुवारी वीज जाऊन आल्यावर आकडे १२:०० वर लुकलुकत असतील तर आतला बटण सेल संपलाय, तो बदला. रोज ठरावीक सेकंद मागे पडत असेल तर दोष घड्याळाला ठोका देणाऱ्या क्रिस्टलच्या जुळवणीत.

क्वार्ट्झचा हा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा २ चा १५ वा घात, म्हणून १५ वेळा निम्मं करत गेलं की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. कंपनं किती नेमकी होतील हे शेजारच्या दोन कपॅसिटरवरही (थोडी वीज साठवणारे छोटे भाग) ठरतं. बरेचसे क्रिस्टल कपॅसिटरच्या साडेबारा पिकोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) भाराला जुळवलेले असतात; भार वाढला की ते किंचित मंदावतात, घटला की वेग घेतात. माझ्या घड्याळात दोन्ही कपॅसिटर ३३ चे निघाले. क्रिस्टलला ते एकामागे एक जोडल्यासारखे, म्हणून मिळून निम्मे, साडेसोळा; वर सर्किटचे दोन-तीन: भार बराच जास्त. सोल्डरिंगचा सराव आहे, म्हणून ते काढून १८ चे बसवले. खर्च काही रुपये. (हे घड्याळ पाच व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतं. थेट २३० व्होल्टवर चालणारं असेल तर कृपया उघडू नका.)

एप्रिलच्या मध्यापासून तीन महिन्यांत फक्त ४५ सेकंद मागे पडलंय. त्यातले काही उन्हाळ्याचे असावेत. हा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो. गरमी असो की थंडी, दोन्हीकडे मंदच होतो. खोली ३८ अंशांवर गेली की दिवसाला अर्धा सेकंद जातो. आता घड्याळ पश्चिमेच्या खिडकीतून उचलून आतल्या फडताळावर ठेवलंय.

उघडायचं नसेल तर दर १ तारखेला वेळ लावत जा, माझी गाडी त्यानेही चुकली नसती. नवीनच घेणार असाल तर आत डीएस३२३१ चिप आहे का विचारा. ती तापमान मोजून स्वतः दुरुस्ती करते आणि वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकते. इंटरनेटवरून वेळ घेणारं घड्याळ असेल तर हा प्रश्नच उरत नाही, मात्र घरचं वायफाय चालू हवं.