कार्बोरेटर घरी खोलायचा की मेकॅनिककडे द्यायचा?

पावसाळाभर उभी राहिलेली दुचाकी बाहेर काढली की आमच्या सांगलीत घरोघरी एकच तक्रार, चोक ओढला की चालू होते आणि चोक सोडला की लगेच बंद. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. कार्बोरेटरवाली गाडी म्हणजे बहुतेक एप्रिल २०२० च्या आधीची, बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यावर जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या.

तर आधी लक्षण बघा आणि मग ठरवा. चोकवरच चालतीय, आयडलिंग धरत नाही (ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडते), म्हणजे बहुतेक पायलट जेट चोंदलाय, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी. जुनं पेट्रोल उडून जातं, मागं चिकट थर राहतो, आणि ते भोक इतकं बारीक की तेवढ्यानं पण बंद होतं. यात नुसता कार्बोरेटरच्या तोंडातून क्लीनर स्प्रे मारून फारसा उपयोग होत नाही, पण खालचा ड्रेन स्क्रू सैल करून कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि पाणी साचलं असेल तर तेवढ्यावरच भागतं. नाहीच भागलं तर खोलायला लागणार.

घरी खोलण्यात पैसे वाचतात आणि आपल्या हातानं नीट साफ होतं, मला स्वतःला हेच पटतं. पण स्क्रूला बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर पाहिजे, नाहीतर डोकं गोल झालंच म्हणून समजा. एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढायच्या आधी हळू आत फिरवून किती फेरे बसतात ते लिहून ठेवा. जेटमध्ये तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते. स्प्रे मारायच्या आधी रबरी रिंगा काढून ठेवा, त्या फुगतात. आणि जवळपास गॅस, विडी काही नको.

मेकॅनिककडे कंप्रेसरची हवा असते, हा मोठा फायदा. फक्त समोर उभं राहा आणि पायलट जेट काढूनच साफ करा म्हणून सांगा.

पेट्रोल ठिबकत असेल तर आधी फ्लोटची निडल (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) बघा, झिजली असेल तर नुसती साफ करून चालत नाही, बदलायला लागते, ते घरी पण जमतं. पण २०१९ सारखं पुराचं पाणी गाडीत शिरलं असेल तर किक पण मारू नका, सरळ मेकॅनिक, कारण पाणी इंजिनात आणि ऑईलमध्ये गेलेलं असू शकतं.

नवीन कार्बोरेटर अगदी शेवटी, बॉडीच खराब झाली असेल तरच. आणि साफ करून महिन्याभरात परत कचरा आला तर टाकीचं झाकण उघडून उन्हात आत बघा, गंज असेल तर आधी टाकी धुवून घ्या.