‘तुंबाड’: पुनःप्रदर्शनाचा एक खेळ

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला ‘तुंबाड’ हा हिंदी भयपट मी दुसऱ्या आठवड्यात पाहिला, तेव्हा त्या खेळाला आम्ही मोजून नऊ जण होतो. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा मात्र रविवार दुपारच्या तिकिटासाठी मला दोन ठिकाणी खेटे घालावे लागले. पुनःप्रदर्शनाने पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमवला, हे आता सर्वश्रुत आहे.

२०१८ साली वाड्यात कोंडलेल्या राक्षसी आजीचा प्रसंग सुरू झाला की प्रेक्षागृहात चिडीचूप व्हायचे, कारण पुढे काय दिसणार याची कोणालाच कल्पना नसे. या वेळी बहुतेकांनी चित्रपट आधीच मोबाइलवर पाहिलेला असल्यामुळे दार उघडण्यापूर्वीच मागून कोणीतरी ‘आली, आली म्हातारी’ असे पुटपुटले आणि दोन रांगा हसल्या. मी आधी वैतागलो. परंतु सोन्याच्या हव्यासापोटी, राक्षसाला आमिष म्हणून कणकेची बाहुली घेऊन नायक विनायक देवीच्या त्या लाल, ओलसर गाभ्यात उतरला तसे हेच हसणारे लोक गप्प झाले. गोष्ट पाठ होती, तरी पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातला तो अंधार त्यांना मोबाइलवर कधी धड दिसलाच नव्हता.

पहिल्या वेळी चित्रपट का चालला नाही, याचे उत्तर मला प्रेक्षकांच्या सवयीत दिसते. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ने (१९८४) हवेली, सैतान आणि गाणी अशी मांडणी रुजवली, फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या प्रेक्षकाला २००३ च्या ‘भूत’ने, तेही गाण्यांवाचून, त्याच्याच इमारतीत घाबरवले, आणि ‘तुंबाड’च्या दीडेक महिना आधी आलेल्या ‘स्त्री’ने भीतीबरोबर हसण्याचीही सोय करून दिली. अशा वेळी दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी भुतापेक्षा माणसाच्या हावेची भीती दाखवली, तेव्हा ‘यात घाबरण्यासारखं काय आहे?’ हा मध्यंतरात मी ऐकलेला प्रश्न स्वाभाविकच होता. भयकथालेखक नारायण धारपांच्या वाचकांना तो पडला नसता, आणि या चित्रपटामागची एक प्रेरणा धारपांचीच कथा आहे. (कोकणातल्या या घराने मात्र हिंदीत बोलावे, हे मला दुसऱ्यांदाही खटकले.)

मी गेलो त्या चित्रपटगृहाबद्दल तक्रार आहे. बाहेर जाण्याच्या दाराजवळचा दिवा पहिली वीस मिनिटे जळत राहिल्याने पावसाळी वाड्याची सुरुवातीची दृश्ये फिकी पडली. सांगितल्यावर तो विझवला, पण त्यासाठी मला उठून जावे लागले. ध्वनी उत्तम होता, पावसाची झड चारही बाजूंनी ऐकू येत होती. अवघ्या १०४ मिनिटांच्या चित्रपटाला मध्यंतर कशाला, हे कळले नाही.

पुन्हा कुठे लागला तर रात्रीचा खेळ आणि मधली रांग घ्यावी, आणि दाराजवळचा दिवा जळत असेल तर चित्रपट सुरू होण्यापूर्वीच सांगावे.