हळदीच्या पट्टीसाठी आधी काय शिकावं: शीट की पायथन?

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाचे हिशेब आणि पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाचं वजन, दर, रकमेचं बिल) पाहणाऱ्याला कॉम्प्युटर मनावर घेऊन शिकायचा असला, की वाटा दोन दिसतात: लिब्रेऑफिस कॅल्क (खान्यांत आकडे आणि सूत्रं भरायचं शीट) नाहीतर थेट पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. दोन्ही फुकट, दोन्ही ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर चालतात. मात्र विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढचं चढत नाही.

दोघांची खरी ओळख हिशेब चुकल्यावर होते.

शीटमध्ये समजा बी कॉलमात किलोचं वजन, सी मध्ये रक्कम आणि ई१ च्या खान्यात क्विंटलचा दर. सी२ मधलं सूत्र असं: बी२ गुणिले ई१, भागिले १००. शंभर विसरलात, तर १४,००० च्या दरानं ५२ किलोचं पोतं ७,२८० ऐवजी ७,२८,००० ला जातं. ई१ ला दोन्हीकडे डॉलरचं चिन्ह लावलं नाही, तर सूत्र खाली ओढताना ई२, ई३ असं सरकतं आणि रकमा शून्य येतात. या चुका निदान डोळ्यांत भरतात. घात करतं ते वजनाच्या खान्यात लिहिलेलं ‘५२ किलो’. शीटच्या लेखी तो मजकूर; रकमेच्या खान्यात चूक दिसते, पण बेरजेचं ‘सम’ सूत्र ते पोतं गुपचूप वगळतं, वजनाची बेरीज ५२ नं कमी भरते आणि तिथं तक्रार नाही. म्हणून ‘किलो’ शीर्षकातच लिहा. आकडा खान्यात आपोआप उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो. डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की थांबायचं.

पायथन तसं पोटात ठेवत नाही. कंस राहिला, ओळ चार स्पेस आत घ्यायची राहिली, की ओळीचा क्रमांक सांगून अडून बसतं. त्याचीही एक मुकी खोड आहे: कीबोर्डवरून ‘इनपुट’नं घेतलेलं सगळं मजकूर असतं, म्हणून ५२ आणि ४८ ची बेरीज ५२४८ येते. आधी ‘फ्लोट’मध्ये, म्हणजे दशांशाच्या आकड्यात, बदलून घ्यावं लागतं. गंमत म्हणजे ‘वजन’, ‘दर’ अशी देवनागरी नावं प्रोग्रॅममध्ये चालतात, पण देवनागरी आकडे लिहिले की चूक दाखवतं.

रोजच्या पट्ट्यांसाठी आधी शीटच. पायथन घ्या ते १२ महिन्यांच्या १२ फायलींमधून एकेका शेतकऱ्याची बेरीज काढायची वेळ आली की. तेव्हा फायली सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाईल) म्हणून, यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) जतन करा आणि वाचतानाही प्रोग्रॅममध्ये तेच एन्कोडिंग सांगा. नाहीतर विंडोजवर मराठी नावांचा चिखल होतो किंवा फाईल वाचलीच जात नाही.

बारावीनंतर प्रोग्रॅमिंगकडेच वळायचं असेल, तर शीटवर महिने घालवू नका. पायथनसोबत येणारं आयडल (प्रोग्रॅम लिहायचं साधन) उघडा, फाईल जतन करा, एफ५ दाबून चालवा.