चिप ट्यूनिंग: 40 हॉर्सपॉवरचे आमिष आणि एक काळी डबी

मी यांत्रिकी अभियांत्रिकीचा पदवीधर आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढची फजिती वाचताना 'माणूस अडाणी असेल' अशी सवलत मला कोणी देऊ नये.

माझी स्पोर्ट्‌स कार 2 लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची असून कंपनीच्या कागदावर ती 200 हॉर्सपॉवरची आहे. चिप ट्यूनिंग, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचे काम, करणाऱ्या एका ट्यूनरने त्यात 40 ची भर घालून देण्याचे कबूल केले आणि माझा बरोबर 2 महिन्यांचा पगार घेतला, त्यातील 60 टक्के आगाऊ आणि रोख. रोख देऊ नका.

टर्बो गाडीत ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) मॅपमधून, म्हणजे सेटिंगच्या तक्त्यातून, बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढवता येतो, त्यामुळे 20 टक्के वाढ तेथे खरोखर मिळू शकते आणि ट्यूनिंगचा खर्च पटण्याजोगा ठरतो. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र हवा वातावरणाच्या दाबानेच शिरते. केवळ इग्निशन टायमिंग आणि इंधनाचे प्रमाण बदलून 5 टक्के हाती लागले तरी पुष्कळ. हे मला ठाऊक होते. तरीही मी भुललो, कारण त्याचे बोलणे मला खरे ठरायला हवे होते.

शरम वाटते ती ट्यूनरने दिलेल्या डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखाची. हॉर्सपॉवर म्हणजे पाउंड-फुटांतील टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले 5252. त्यामुळे दोन्ही रेषा एकाच मोजपट्टीवर काढल्या, तर इंजिन कोणतेही असो, त्या 5252 आरपीएमलाच छेदतात. माझ्या हातातील कागदावर त्या 4600 च्या आसपास छेदत होत्या. हे सूत्र मी परीक्षेत लिहिलेले आहे. त्या बिंदूकडे पाहताना काहीतरी खटकलेही, आणि मी विचारले काय, तर "याची रंगीत प्रत मिळेल का?"

गाडी चपळ वाटत होती, हेही खरे. दोन आठवड्यांनी दुसऱ्या डायनोवर मित्राची त्याच मॉडेलची, हात न लावलेली गाडी आणि माझी, अशा दोन्ही एकाच दिवशी तपासल्या; माझी 2 हॉर्सपॉवरने कमी भरली. स्कॅनरवर ईसीयूचा कॅलिब्रेशन पडताळणी क्रमांक मित्राच्या गाडीशी तंतोतंत जुळला, म्हणजे सॉफ्टवेअरला कोणी स्पर्शही केला नव्हता. (हा क्रमांक काम देण्यापूर्वीच टिपून ठेवा.) डॅशबोर्डखाली मात्र अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरवर एक काळी डबी सापडली. पेडल अर्धे दाबले की ती ईसीयूला पाऊण दाबल्याचे कळवते. चपळाई ती एवढीच.

पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून तक्रार घेतली नाही. ग्राहक तक्रार कार्यालयाने पावती मागितली, आणि पावतीवर त्या माणसाने 'सर्वसाधारण सर्व्हिसिंग' एवढेच लिहिले होते. कामाचे नाव आणि फाइलची आवृत्ती पावतीवर लिहून घ्या. तीन खेपा घातल्यावर तेथील अधिकाऱ्यांनी मलाच विचारले, "साहेब, गाडी तर चालते आहे ना?" कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने त्या डबीसाठी वायर कापलेली पाहून इंजिनाची वॉरंटी नाकारली. म्हणजे ट्यूनिंग झालेच नाही म्हणून पैसे परत मागावेत, तर पुरावा नाही; आणि ट्यूनिंग झालेच नाही म्हणून वॉरंटी मागावी, तर ते झाल्याचा पुरावा त्यांच्याकडे आहे.

तक्रार अजून 'विचाराधीन' आहे. डबी मी काढून टाकली आहे, आणि तिच्यावाचून गाडी पहिल्यापेक्षाही मंद वाटते.