पायथनमध्ये उजवीकडून तोडायचं तर: आरस्प्लिट की आरपार्टिशन?

कोकणातला पत्ता डावीकडून तोडायच्या भानगडीत पडू नये. ‘माडांच्या बागेत, दुर्गादेवी मंदिराजवळ, वरचापाट, ता. गुहागर, जि. रत्नागिरी, 415703’. सुरुवातीला किती स्वल्पविराम येतील, ते लिहिणाऱ्याच्या लहरीवर. शेवटचे तीन रकाने मात्र ठरलेले. कॅनिंगला आंबा घालणाऱ्या बागायतदारांची यादी मीच सांभाळतो, त्यामुळे हंगाम आला की हे काम आलंच. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मजकूर उजवीकडून तोडायला आरस्प्लिट (rsplit) आणि आरपार्टिशन (rpartition) या दोन आज्ञा आहेत.

नुसता पिनकोड सुटा करायचा तर आरपार्टिशन दिसायला फार नेटकं. ते शेवटच्या स्वल्पविरामावर तोडतं, आणि कायम तीनच तुकडे: आधीचं, स्वल्पविराम, नंतरचं. तालुका आणि जिल्हाही हवा असेल, तर तेच तीनदा चालवावं लागतं. आरस्प्लिट(',', 3), म्हणजे उजवीकडून तीन स्वल्पविरामांवर तोड, एका ओळीत काम उरकतं आणि सुरुवातीचे स्वल्पविराम पहिल्या तुकड्यात शाबूत राहतात. पण एवढ्यावरून मी काही ठरवलं नसतं.

खरा वैताग एकही स्वल्पविराम नसलेल्या पत्त्यांचा. कुणी नुसतं ‘मु. पो. पालशेत’ लिहून देतो. आरपार्टिशन अशा वेळी पहिल्या दोन जागा रिकाम्या ठेवतं आणि सगळा मजकूर तिसऱ्या जागी घालतं. म्हणजे पिनकोडच्या रकान्यात अख्खं पालशेत, आणि प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर! उजवीकडून तोडणाऱ्याने उरलेलं उजवीकडे ठेवावं, यात तर्क आहे, नाही असं नाही. पण शंभर पावत्या छापून झाल्यावर तो तर्क गोड लागत नाही. आरस्प्लिट इथे एकाच तुकड्याची यादी देतं. ती पत्ता, तालुका, जिल्हा, पिनकोड अशा चार नावांत वाटायला गेलं की व्हॅल्यूएरर (पायथनची चूक दाखवणारी सूचना) येतो आणि गाडी त्याच पत्त्यावर थांबते. मला हे थांबणं आवडतं.

मधला तुकडा रिकामा आहे का हे दर वेळी बघायची शिस्त असेल, तर आरपार्टिशनही चालेल. रात्रभर न थांबता चालायच्या कामाला कदाचित तेच बरं. माझ्या अंगात ती शिस्त नाही.

पत्ता पिनकोडाविना ‘जि. रत्नागिरी’वर संपला आणि स्वल्पविराम पुरेसे असले, तर दोघंही गप्प राहून चुकीचं देतात. तिथे शेवटचा तुकडा सहा अंकी आहे का, हे आपणच तपासायचं. तोडण्याआधी शेवटचा लोंबता स्वल्पविराम आरस्ट्रिपने काढावा आणि तोडल्यावर प्रत्येक तुकड्याला स्ट्रिप लावावं, कारण स्वल्पविरामानंतर जागा सोडायची की नाही यावर आमच्याकडे दोन भावांचंही एकमत नसतं.