एकोणीस मिनिटांचा हॉल, ब्याऐंशी मिनिटांचा हॉल

कारखान्याच्या वर्क स्टडी विभागात, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या खात्यात, मी बावीस वर्षं काढली. हातात स्टॉपवॉच, काखेत क्लिपबोर्ड आणि समोर एखादा कामगार, जो मला बघितलं की हमखास हळू व्हायचा. निवृत्त झाले तेव्हा क्लिपबोर्ड परत केला, खोड मात्र घरी आली. घरात कुणी कसल्याही दुरुस्तीला आलं की माझी नजर आधी घड्याळाकडे जाते. नवरा याला आजार म्हणतो. तेव्हा कार्पेट धुणाऱ्या दोन सेवांचा हा रिव्ह्यू मिनिटांसकट आहे, ज्यांना मिनिटांचा कंटाळा आहे त्यांनी थेट शेवटाकडे जावं.

आमच्याकडे तीन खोल्यांत कार्पेट आहे. हॉल अठरा बाय बारा, बेडरूम बारा बाय बारा, आणि अभ्यासाची खोली दहा बाय दहा. पहिल्या दोन खोल्यांत नायलॉन आहे, अभ्यासाच्या खोलीत लोकर. शिवाय भुऱ्या नावाचा एक म्हातारा कुत्रा आहे आणि अभ्यासाच्या खोलीतला एक कोपरा त्याने स्वतःच्या नावावर करून घेतलाय.

आधी बोलावलेली सेवा (नाव देत नाही, भांडण संपलंय) फोनवर म्हणाली, "एका खोलीला वीस मिनिटं, मॅडम. तासाभरात मोकळे." मी खूश झाले, हे कबूल करते. एकच माणूस आला. मशीन लावण्यापासून नळ्या गुंडाळण्यापर्यंत पन्नास मिनिटं. हॉल एकोणीस मिनिटांत, बेडरूम बारा, अभ्यासाची खोली नऊ. दिलेल्या शब्दापेक्षा लवकर! कार्पेट चकचकीत ओलं आणि वास फुलांचा. सही करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे अठ्ठावीस तासांनी, हॉलच्या मधोमध मोजा ओला झाला. तिसऱ्या दिवशी फुलांच्या वासाखालून ओल्या गोणपाटाचा वास वर आला. बाराव्या दिवशी सोफ्यासमोरचा कॉफीचा जुना डाग जिथल्या तिथे हजर, काठ थोडे गडदच. आणि महिन्याभरात दारापासून सोफ्यापर्यंतची वाट धुण्याआधीपेक्षा काळी पडली. पांढरं फडकं कोमट पाण्यात बुडवून त्या वाटेवर घासलं तर फेस आला. साबण तसाच आत राहिला होता, आणि चिकट साबणावर धूळ बसायला वेळ लागत नाही.

डाग परत का येतो, हे मी नंतर समजून घेतलं. कार्पेटला खालपर्यंत भिजवलं की तळाशी बसलेला मळ पाण्यात विरघळतो. वाळण्याची क्रिया मात्र वरच्या टोकाला होते, कारण हवा तिथे लागते. वातीतून तेल चढावं तसं खालचं पाणी लवेतून वर चढतं, येताना मळ घेऊन येतं, आणि स्वतः उडून जाऊन मळ टोकावर ठेवतं. म्हणून धुतल्या दिवशी स्वच्छ दिसलेलं कार्पेट पुरावा म्हणून कुचकामी आहे. पुरावा पंधरा दिवसांनी मिळतो, तोवर माणूस सही घेऊन गेलेला असतो.

दुसरी सेवा चार महिन्यांनी बोलावली. फोनवर मी ठरवून विचारलं, "एका खोलीला किती वेळ?" पलीकडून प्रश्न आला, "खोली केवढी आहे, कार्पेट कशाचं आहे, घरात जनावर आहे का?" तिथेच माझं अर्धं मत झालं. खोली हे मापच नाही. शंभर चौरस फुटांची खोलीही खोली आणि दोनशे सोळाचीही खोलीच. आमच्या खात्यात कुणी "एका पेटीला किती वेळ" असं विचारलं असतं तर साहेबांनी त्याला पेटीसकट बाहेर काढलं असतं.

दोघे आले, एक जाणता आणि एक हाताखालचा पोरगा. पंचवीस मिनिटं उशिरा आले, फोन न करता. याचा एक तारा मी आताच कापते. मग मात्र स्टॉपवॉच काढलं.

पहिली चौदा मिनिटं कुणी मशीनला हातही लावला नाही. जाणत्याने तिन्ही खोल्या गुडघ्यावर बसून पाहिल्या. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यात दाबला, रंग सुटतो का ते बघायला. अभ्यासाच्या खोलीतल्या कार्पेटच्या कडेचा एक धागा चिमटीत धरून, खिडकीबाहेर नेऊन पेटवला. केस जळल्याचा वास, आणि बोटांत चुरडली जाणारी राख. लोकर. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी झाला असता. ही तपासणी आधीच्या माणसाने केली नव्हती. त्याने तिन्ही खोल्यांत एकच औषध मारलं होतं. लोकरीला जास्त अल्कलीचं औषध आणि फार गरम पाणी सोसत नाही, हे मला या धाग्यामुळे कळलं. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषूनही हाताला कोरडी लागते, म्हणून ती "वाळली" असं आपण समजतो तेव्हा बहुधा वाळलेली नसते.

दारालगतच्या वाटेकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मॅडम, इथला काळेपणा थोडा राहणार. तो मळ नाही, धागा घासून निस्तेज झालाय." काम सुरू होण्याआधी काय होणार नाही हे सांगणारा माणूस मला आवडतो. काम झाल्यावर सांगणारे पुष्कळ असतात.

आता हॉल. फर्निचर हलवायला नऊ मिनिटं, त्यात पुस्तकांचं कपाट जागेवरच राहिलं. मग कोरडं व्हॅक्यूम अकरा मिनिटं, आडवं आणि उभं दोन्ही. आधीच्या माणसाने ही पायरी सरळ गाळली होती, आणि त्याची एक बचत इथेच झाली. कोरडी धूळ कोरडी असताना निघते. तिच्यावर पाणी मारलं की चिखल होतो, आणि मग तो चिखल ओढून काढत बसायचं. फवारणी चार मिनिटं, ब्रशने औषध लवेत घोळवायला सहा.

आणि त्यानंतर बारा मिनिटं काहीच नाही.

"आता बारा मिनिटं कुणी आत यायचं नाही," असं सांगून जाणता माणूस हॉलच्या दारात उभा राहिला. माझा हात आपसूक स्टॉपवॉचकडे गेला. आमच्या धंद्यात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवराबायकोने हातांच्या हालचालींचे बारीक तुकडे पाडले आणि आपलं आडनाव जवळपास उलटं लिहून त्या तुकड्यांना 'थर्ब्लिग' म्हटलं. त्यात थांबण्याचे दोन प्रकार आहेत, टाळता येणारं आणि न टाळता येणारं. मी आयुष्यभर पहिल्या प्रकाराच्या मागे लागले. तेव्हा एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे हे बघताना माझ्या पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू.

पण इथे थांबलेला माणूस होता, औषध थांबलेलं नव्हतं. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायन अभियंत्याने १९५९ साली स्वच्छतेचं एक वर्तुळ मांडलं. त्याचे चार भाग: रसायन, उष्णता, घासणं आणि वेळ. एक भाग कमी केला की तेवढी भर बाकीच्या तिघांनी घालावी लागते. वेळ कापला तर औषध जहाल करा, पाणी आणखी तापवा, नाहीतर जोरात घासा. कार्पेटच्या बाबतीत या तिन्हींची किंमत धागा मोजतो. दहा ते पंधरा मिनिटं औषध मुरू दिलं की तेलकट मळ धाग्यापासून सुटतो, मात्र ते वाळू द्यायचं नाही. म्हणून तो दारात उभा होता. एका कोपऱ्यात पंख्याचा वारा लागून फवारा सुकायला लागला, तिथे त्याने पुन्हा हलका फवारा मारला. आणि पोरगा या बारा मिनिटांत बेडरूमचं व्हॅक्यूम करत होता. हे पाहून माझ्या पोटातलं कालवणं थांबलं.

मग गरम पाणी मारून ओढून घेण्याचं काम, एकतीस मिनिटं. इथे मी सर्वांत जास्त टिपणं काढली. वँडचा, म्हणजे नळीच्या टोकाला लावलेल्या दांड्याचा, चाप दाबून जाणता तो एकदा मागे ओढायचा, पाणी जायचं. मग चाप सोडून त्याच पट्ट्यावरून दोनदा, कधी तीनदा, नुसतं ओढायचा. वँडवर पाणी परतताना दिसणारी एक पारदर्शक खिडकी असते. तिच्यातून पाण्याचे थेंब धावायचे थांबले की पुढचा पट्टा. आधीच्या माणसाचा चाप मी एकदाही सुटलेला पाहिला नव्हता. ओल्या फेऱ्या तेवढ्याच, कोरड्या फेऱ्या शून्य. कोरडी फेरी डोळ्याला काहीच दाखवत नाही, कार्पेट आधी होतं तसंच दिसतं. तिचा हिशोब रात्री लागतो. या वेळी हॉल सात तासांत वाळला, लोकर अकरा तासांत. सहा ते बारा तासांत चालण्याजोगं झालं तर काम नीट झालं समजावं, आणि चोवीस तास उलटूनही ओलं असेल तर एकतर पाणी जास्त पडलंय किंवा ओढलं कमी गेलंय.

शेवटी लव एका दिशेला विंचरायला तीन मिनिटं, फर्निचर परत ठेवून प्रत्येक पायाखाली फोमची चकती सरकवायला सहा. ओल्या कार्पेटवर लाकडाचा रंग उतरतो आणि लोखंडी पायाचा गंज बसतो, म्हणून ती चकती. एकूण ब्याऐंशी. दोनशे सोळा चौरस फूट, दोन माणसं, हलवता येण्याजोगं मशीन.

मशीनचं सांगायला हवं, नाहीतर आकडा फसवेल. गाडीवर बसवलेल्या मोठ्या मशीनची ओढ जास्त असते, तिथे हीच खोली याहून लवकर उरकते. आणि कमी पाण्याची एक वेगळी पद्धत आहे, तिच्यात औषध वाळून मळाभोवती कडक कण बनवतं आणि नंतर ते व्हॅक्यूमने उचलायचे. त्या पद्धतीत पंधरा-वीस मिनिटांची खोली अगदी प्रामाणिक असू शकते, आणि तासा-दोन तासांत त्यावर चालताही येतं. ऑफिसांत तीच जास्त चालते. पण आधीचा गृहस्थ गरम पाण्याचं मशीन घेऊन आला होता आणि त्या दुसऱ्या पद्धतीची मिनिटं लावत होता.

बेडरूमला अडतीस मिनिटं. पलंग हलवला नाही, त्यामुळे मोकळी जागा नव्वद चौरस फूटच होती. याबद्दल पुढे बोलते.

अभ्यासाच्या खोलीला पस्तीस, आणि त्यातला मोठा वाटा भुऱ्याच्या कोपऱ्याचा. जनावराच्या मूत्रावर एन्झाइमचं औषध लागतं आणि ते सावकाश काम करतं. घासून त्याची घाई होत नाही. जाणत्याने ते सगळ्यांत आधी, म्हणजे हॉलला हात लावण्यापूर्वीच ओतून ठेवलं, वर ओलं फडकं झाकलं, आणि शेवटी येऊन ओढलं. माझ्या पस्तीस मिनिटांत ही मुरण्याची वेळ धरलेलीच नाही. कामाचा क्रम असा लावलेला बघितला की मला अजूनही भरून येतं. भुऱ्या दारात बसून सगळं बघत होता, त्याचं मत वेगळं असावं.

दोघांनी मिळून दारातून शिरल्यापासून निघेपर्यंत दोन तास पन्नास मिनिटं घेतली. बेरीज करणाऱ्यांसाठी: तपासणी आणि तीन खोल्या मिळून एकशे एकोणसत्तर होतात, मशीन मांडणं-आवरणं एकवीस, आणि कामं एकमेकांवर बसवून त्यांनी वीस मिनिटं वाचवली.

तक्रारी आहेत. नळीसाठी मुख्य दार अर्धं उघडं ठेवावं लागतं, हे आधी सांगितलं असतं तर मी भुऱ्याला बांधलं असतं. हॉलच्या एका बाजूच्या भिंतीच्या पट्टीवर पाणी उडालं आणि ते मीच पुसलं. वाळवायचा पंखा त्यांनी आणला नाही, आमचाच लावला. मशीनची मळक्या पाण्याची टाकी रिकामी करण्यासाठी पोरगा माझ्या स्वच्छ बाथरूममधून दोनदा गेला, आणि त्या पाण्याचा रंग मला बघायला लागला. खरं तर त्यासाठी आभारच मानायला हवेत. चार महिन्यांपूर्वी "धुतलेल्या" कार्पेटातून ते पाणी निघालं होतं.

पंधराव्या दिवशी पांढरं फडकं पुन्हा घासलं. फेस नाही. कॉफीचा डाग ज्याला माहीत आहे त्यालाच फिकट दिसतो. वाटेवरचा निस्तेजपणा सांगितल्याप्रमाणे तसाच.

पाचपैकी चार तारे. पाचवा उशिराने खाल्ला.

कुणाला बोलवायचं असेल तर फोनवर मिनिटं विचारण्याआधी व्हॅक्यूम कोण करणार ते विचारा, मग औषध किती वेळ ठेवणार ते विचारा, आणि काम चालू असताना एकदा वँडच्या खिडकीकडे जाऊन उभं राहा. मी जाऊन उभी राहिले तेव्हा जाणत्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही या लाइनमध्ये होता का?" मी नाही म्हटलं. स्टॉपवॉच पदराआड होतं.

पुढच्या खेपेला पलंग हलवायला सांगणार आहे. त्यांनी या वेळीही विचारलं होतं, मीच नको म्हटलं. पलंगाखालच्या चोपन्न चौरस फुटांत काय आहे ते मला माहीत आहे, आणि दोन अनोळखी माणसांसमोर ते बाहेर काढायची माझी तयारी नव्हती.