एजंटच्या टूल्सचं वर्णन आणि तपासणी: कुणाला काय परवडेल?

देवगडच्या एखाद्या बागायतदारासाठी व्हॉट्सॲपवर हापूसच्या ऑर्डरी घेणारा एआय एजंट (बोलता बोलता स्वतः कामं उरकणारा प्रोग्राम) बांधायचा आहे, असं धरू. त्याच्या हाती चार टूल्स, म्हणजे त्याने करायची ठरावीक कामं, द्यायची: शिल्लक बघणं, दर सांगणं, ऑर्डर नोंदवणं आणि ऑर्डर रद्द करणं. एजंटमागचं भाषेचं मॉडेल कुठलं घ्यायचं यावर सगळे तावातावाने बोलतात. गाडी अडते ती मात्र टूलच्या वर्णनापाशी, म्हणजे ते टूल काय करतं आणि त्याला काय द्यायचं हे मॉडेलला सांगणाऱ्या मजकुरापाशी. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवा: वर्णन कोणत्या रूपात लिहायचं आणि ते चालतंय की नाही हे कसं तपासायचं.

वर्णन कशात लिहायचं

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे प्रॉम्प्टमध्येच (मॉडेलला दिलेल्या सूचनेत) साध्या वाक्यांत टूल्स समजावून सांगणं. आज बसलात तर आज होईल, आणि कोड न येणारा माणूसही त्यात दुरुस्ती करू शकेल. पण कोड बदलला तरी मजकूर जुनाच राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दाखवायच्या नमुन्यासाठी ठीक, पैशांच्या व्यवहारासाठी नको.

दुसरा मार्ग म्हणजे टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्स (टूलला द्यायची माहिती) जेसन स्कीमात, म्हणजे कोणती माहिती कोणत्या प्रकारची हवी हे सांगणाऱ्या ठरावीक साच्यात, लिहून मॉडेलच्या एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या दाराला) थेट देणं. ओपनएआयने जून 2023 मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल वापरण्याची सोय) आणलं, तेव्हापासून ही पद्धत रुळली आहे. स्कीमा कोडमधूनच तयार करून घेतला तर दोन्हींची फारकत होत नाही.

तिसरा ओपनएपीआय, म्हणजे एखाद्या ॲपचं एपीआय कसं वापरायचं ते ठरावीक साच्यात सांगणारी फाईल (ओपनएआय नव्हे, हे जुनं स्वॅगर). तुमच्या ॲपसाठी अशी फाईल आधीच असेल तर मोह होतो की तीच एजंटला देऊन मोकळं व्हावं. तसं करू नका. ती फाईल प्रोग्रामरसाठी लिहिलेली असते. त्यातला प्रत्येक एंडपॉइंट (एपीआयमधलं एकेक काम) टूल झाला की मॉडेलपुढे एकसारख्या नावांची गर्दी होते आणि सहसा प्रत्येक विनंतीबरोबर त्या सगळ्या वर्णनांचे टोकनही (मजकुराचे तुकडे, ज्यांवर पैसे लागतात) मोजावे लागतात. त्यातले कामाचे चार-पाच निवडा, वर्णनं नव्याने लिहा.

चौथा एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल), म्हणजे एजंटला टूल्स जोडण्याची सामायिक पद्धत, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केलेला. टूल एकदा सर्व्हरवर मांडलं की वेगवेगळे एजंट ते वापरू शकतात. ‘हे टूल फक्त वाचतं’, ‘हे काहीतरी पुसून टाकू शकतं’ अशा खुणाही त्यात लावता येतात. मात्र त्या फक्त सूचना आहेत, अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर विसंबायचं नाही. बदल्यात एक सर्व्हर सांभाळणं आलं. व्हॉट्सॲपचा एकच बॉट असेल तर एवढा खटाटोप कशाला? तीच शिल्लक हिशेबनीसालाही त्याच्या संगणकावरच्या असिस्टंटकडून विचारायची असेल, तर एमसीपी घ्या.

पण यातलं काहीही निवडलंत तरी खरी अडचण आतल्या मजकुराची असते. ऑर्डर नोंदवण्याच्या टूलमध्ये ‘संख्या’ नावाचं एक पॅरामीटर आहे, पूर्णांक. गिऱ्हाईक लिहितं, ‘दोन पेट्या पाठवा.’ एजंट 2 भरतो. हिशेब डझनात चालतो, त्यामुळे ऑर्डर दोन डझनांची नोंदली जाते. स्कीमाच्या दृष्टीने सगळं बिनचूक, एरर कुठेच नाही! शिवाय फळ मोठं तर पेटीत डझन कमी, लहान तर जास्त. म्हणजे नुसतं ‘पेटी’ कळूनही भागत नाही. वर्णनात ‘संख्या डझनात द्यावी, पेटी म्हटल्यास किती डझनाची ते विचारावं’ असं लिहिता येईल. त्याहून बरं म्हणजे ‘पेट्या’ आणि ‘पेटीतले डझन’ अशी दोन सक्तीची पॅरामीटर्स करा, आणि दुसऱ्यात तुम्ही विकता तेवढेच आकडे ठेवा. जी गोष्ट स्कीमात बांधता येते ती मॉडेलच्या समजूतदारपणावर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एरर मेसेजही वर्णनाचाच भाग समजा. नुसतं ‘400’ (विनंती चुकली एवढंच सांगणारा कोड) आलं तर एजंट अंदाज बांधत बसतो. ‘पाच डझनी पेट्या संपल्या, चार डझनी शिल्लक आहेत’ असं आलं तर तो गिऱ्हाइकाला नीट विचारतो.

तपासायचं कसं

कोणतं मॉडेल टूल्स किती बरोबर वापरतं याची बर्कली विद्यापीठाची क्रमवारी मॉडेल निवडायला उपयोगी आहे. तुमच्या टूल्सबद्दल ती काहीच सांगत नाही. सिएरा कंपनीच्या 2024 च्या टाऊ-बेंच या एजंटांच्या चाचणीकडून मात्र दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एक, संभाषण संपल्यावर डेटाबेसची स्थिती अपेक्षेप्रमाणे आहे का ते बघणं. दोन, तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावून प्रत्येक वेळी जमतं का ते बघणं. त्यांच्या चाचणीत जीपीटी-4ओसारख्या मॉडेलवरचा एजंटही निम्म्याहून कमी कामं पार पाडू शकला, आणि रिटेल (दुकानाच्या कामांच्या) विभागात तेच काम आठ वेळा दिल्यावर आठही वेळा यश येण्याचं प्रमाण 25 टक्क्यांच्या खाली होतं. एकदा चाललं म्हणून हुरळून जाऊ नका, ते यासाठी.

दुसऱ्या मॉडेलला परीक्षक करणं सोपं आणि जलद. भाषा, अदब, उत्तराचा सूर यासाठी ते चालेल. पण ‘तुमची ऑर्डर नोंदवली आहे’ हे वाक्य वाचून परीक्षक खूश होतो आणि वहीत ऑर्डरच नसते. पैसे आणि माल यांचा निवाडा डेटाबेसवरूनच करा. लॉग (एजंटने काय काय केलं त्याची नोंद) हाताने वाचणं कंटाळवाणं असलं तरी चूक का झाली ते तिथेच कळतं, आणि सुरुवातीला त्याला पर्याय नाही.

चाचणीसाठी खरे मेसेज घ्या, नावं-नंबर काढून. ‘माका दोन पेट्यो होये, कितक्याक देतलास?’ हाही त्यात हवा, रोमन लिपीतलं मराठीही हवं. काही मेसेज बाजूला ठेवा आणि वर्णन सुधारताना ते बघू नका. नाहीतर पाठ केलेल्या प्रश्नांवरच परीक्षा व्हायची.

एक चाचणी मी सोडणार नाही. मे महिन्यात वळीव आला, लाईट गेली आणि ऑर्डर नोंदवताना उत्तरच आलं नाही. एजंट पुन्हा प्रयत्न करतो आणि एकाच गिऱ्हाइकाच्या दोन ऑर्डरी होतात. हे मुद्दाम घडवून बघा. प्रत्येक ऑर्डरीला आधीच क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर टूलने नवी नोंद न करता जुनीच परत द्यावी. वर्णनातही ‘त्याच क्रमांकाने टूल पुन्हा वापरलं तरी चालेल’ हे लिहा.

एकटे असाल तर माझा कौल थेट स्कीमा आणि डेटाबेसची तपासणी यांना. रद्द करण्याचं टूल पहिल्या हंगामात एजंटला देऊच नका, ते काम बागायतदाराच्या फोनवरच राहू द्या.